रडारची वीज : कंडेन्सरचा हिशेब

रडार म्हटले की गरगर फिरणारी थाळी डोळ्यांसमोर येते. फेज्ड अ‍ॅरे रडारची भिंत मात्र जागची हलत नाही. तिच्यावर शेकडो, हजारो छोटे अँटेना असतात. त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे सोडल्या की झोत हव्या त्या दिशेला वळतो. या सर्वांना वीज कशी पुरवायची, हा कारागिरीचा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत केप कॉड येथे १९८० साली सुरू झालेले पेव्ह पॉज रडार पाहा. त्याच्या एका भिंतीवर १,७९२ मोड्यूल आणि प्रत्येकाची ताकद सुमारे ३२५ वॅट, म्हणजे एकूण ५८० किलोवॅट. पण झोत फार तर चौथा हिस्सा वेळ सुटतो, त्यामुळे सरासरी १४५ किलोवॅटच भरते. मधला फरक कंडेन्सर भरून काढतो. झोत बंद असताना तो भरतो आणि सुटताना रिकामा होतो. दुकानदार सणाआधी माल भरून ठेवतो तसेच.

हिशेब सोपा आहे. समजा, ५० व्होल्टच्या मोड्यूलने १०० मायक्रोसेकंद ४ अँपिअर ओढले. जवळ १,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर व्होल्टेज ०.४ ने उतरते. १०० चा असेल तर ४ ने. व्होल्टेज उतरले की लहर बिघडते. सप्लायची खरखर लहरीत मिसळली तर हळू सरकणारे लक्ष्य तिच्यातच लपून जाते. म्हणून फिल्टर लागतात.

दुसरी बाब तारांची. १० किलोवॅट ५० व्होल्टवर न्यायचे तर २०० अँपिअर होतात, ३०० व्होल्टवर जेमतेम ३३. तीच तार वापरली तर तिच्यातील नुकसान ३६ पटीने घटते. म्हणून वीज चढ्या व्होल्टेजने आणून मोड्यूलजवळच्या छोट्या कन्व्हर्टरने उतरवतात. एखादा कन्व्हर्टर बंद पडला तर तेवढेच मोड्यूल थांबतात. रडार आंधळे होत नाही.

इन्व्हर्टर, एसएमपीएस दुरुस्त करणाऱ्या बंधूंनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरभोवतीची उष्णता १० अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. तेव्हा तो ट्रान्सफॉर्मर वा हीटसिंकला चिकटवून बसवू नये. स्वस्त माल लावून वाचवलेले दोन पैसे गिऱ्हाईक परत आले की दुपटीने जातात.