सव्वीस वर्षांची न झालेली वसुली

अमेरिकेत भारतातील जीएसटीसारखा देशव्यापी कर नाही. विक्रीकर राज्ये आणि त्यांच्या अखत्यारीतील स्थानिक संस्था आकारतात, त्याचे दर व सवलती जागोजागी बदलतात आणि पाच राज्यांत तर राज्य पातळीवर तो मुळीच नाही. त्यामुळे परराज्यातून मागविलेल्या मालावरील कर कोणी गोळा करायचा, हा वाद इंटरनेटच्या बराच आधीचा आहे. कॅटलॉग पाठवून टपालाने माल विकणाऱ्या 'नॅशनल बेलास हेस' कंपनीच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, गोदाम वा माणूस नाही, त्या राज्याला त्याच्यावर करवसुलीची सक्ती करता येणार नाही. कार्यालयीन सामान विकणाऱ्या 'क्विल' कंपनीच्या १९९२ मधील खटल्यात न्यायालयाने 'प्रत्यक्ष उपस्थिती'चा हा निकष कायम ठेवला. मात्र आंतरराज्य व्यापाराचे नियमन हे काँग्रेसचे, म्हणजे संघीय संसदेचे काम असल्याने तिने हवा तर कायदा करावा, असेही सुचविले. तो कायदा कधीच झाला नाही.

कर माफ झाला होता, असा समज या काळात सर्वत्र रूढ झाला. तो चुकीचा होता. विक्रेत्याने कर घेतला नाही, तर ग्राहकाने तेवढीच रक्कम 'वापरकर' म्हणून आपल्या राज्याकडे आपण होऊन भरणे बंधनकारक होते. मोटारीच्या बाबतीत ही वसुली नोंदणीच्या वेळी बिनबोभाट होत असे, पण पुस्तके, कॅमेरे आणि कपडे यांची नोंदणी कोण करणार? काही राज्यांनी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वापरकरासाठी एक ओळ घातली, तीही बहुतेक करदाते कोरी सोडीत. साउथ डकोटात तर वैयक्तिक प्राप्तिकरच नसल्याने ही सोयही नव्हती.

याचे आर्थिक परिणाम केवळ तिजोरीतील तुटीपुरते मर्यादित राहिले नाहीत. ८ टक्के दर असलेल्या गावात १,००० डॉलरच्या कॅमेऱ्यामागे दुकानदाराला ८० डॉलर जास्त घ्यावे लागत आणि ग्राहक त्याच्याच दुकानात कॅमेरा हाताळून खरेदी मात्र संगणकावर करी. अर्थशास्त्रज्ञ ऑस्टन गूल्सबी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जास्त विक्रीकराच्या भागातील लोक ऑनलाइन खरेदीकडे अधिक वळत होते आणि प्रचलित कर तेथेही लागू झाल्यास ऑनलाइन ग्राहकांची संख्या २४ टक्क्यांपर्यंत घटण्याची शक्यता होती. त्याहून विलक्षण परिणाम भूगोलावर झाला: ग्राहकापासून दूर राहणे हाच व्यापारातील लाभ ठरला. कॅलिफोर्नियाची अवाढव्य बाजारपेठ शेजारी असताना ॲमेझॉनचे गोदाम उभे राहिले ते सीमेपलीकडे, नेवाडातील फर्नली येथे. स्वस्त जमिनीचाही त्यात वाटा असेल, पण करनियमाने त्या निवडीवर बक्षीस ठेवले होते, हे नाकारता येत नाही.

टेनेसी विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये, एकट्या ई-व्यापारामुळे २०१२ साली राज्ये व स्थानिक संस्थांचे सुमारे ११.४ अब्ज डॉलर बुडतील, असा अंदाज वर्तविला. मंदीने गांजलेल्या राज्यांना हा आकडा झोंबला नसता तरच नवल. न्यू यॉर्कने २००८ मध्येच, राज्यातील संकेतस्थळांना दलाली देऊन ग्राहक मिळविणे हीदेखील उपस्थितीच, असा कायदा केला होता. पुढे इतर राज्यांनीही दबाव आणला आणि ॲमेझॉन एकेका राज्यात कर घेऊ लागली. अशा राज्यांतील कुटुंबांची ॲमेझॉनवरील खरेदी ९.४ टक्क्यांनी, तर मोठ्या रकमेची खरेदी २९.१ टक्क्यांनी घटल्याचे बॉ, बेन-डेव्हिड आणि पार्क यांच्या संशोधनात आढळले. तरीही कंपनीचा विरोध मावळत गेला, कारण दोन दिवसांत माल पोहोचवायचा तर गोदामे शहरांजवळच हवीत, आणि गोदाम आले की कर आलाच. परराज्यातील विक्रेत्यांवर करवसुलीची सक्ती करण्याची मुभा राज्यांना देणाऱ्या आणि सिनेटने २०१३ मध्ये ६९ विरुद्ध २७ मतांनी संमत केलेल्या विधेयकाला ॲमेझॉनचा पाठिंबा होता. प्रतिनिधिगृहात मात्र ते अडून राहिले.

अखेर २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा राज्य विरुद्ध ऑनलाइन विक्रेती कंपनी वेफेअर या खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी स्वतःचाच जुना निकष मोडीत काढला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मतात छोट्या विक्रेत्यांपुढील गुंतागुंत दाखविताना न्यू जर्सीच्या लोकरीचा दाखला दिला: कलाकृतीसाठी घेतली तर कर, स्वेटरसाठी घेतली तर नाही. साउथ डकोटाच्या कायद्याने राज्यात वर्षाला १,००,००० डॉलरहून अधिक विक्री किंवा किमान २०० व्यवहार, यांपैकी एका मर्यादेत बसणाऱ्यावरच वसुली लादली होती, आणि अनेक राज्यांनी तोच नमुना उचलला. विक्रीकर असलेल्या राज्यांपैकी अगदी शेवटी, जानेवारी २०२३ मध्ये, मिसूरीने आपला नियम लागू केला. दुसऱ्या मर्यादेतील खोट मात्र लवकरच उघडी पडली, कारण १० डॉलरची वस्तू २०० जणांना विकून जेमतेम २,००० डॉलर मिळविणारा माणूसही तिच्या कचाट्यात सापडे. जुलै २०२३ पासून खुद्द साउथ डकोटानेच ती रद्द केली.