खाडीचा विषय बोर्डापुढे कधी येतो?

फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकाल जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्याविरुद्ध होता. भरावाने भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या होत्या, तिवरं तुटली होती. मी उरणचीच. आमच्याकडे पुरुष होडी घेऊन जातात. मासळी विकणं, पैसा सांभाळणं, ओहोटीला खडकावरची कालवं फोडून आणणं हे बायकांचं काम. खाडीचं काही बिघडलं की ते आधी त्यांच्या पाटीत दिसतं. आणि ज्या ओएनजीसीचा प्रकल्प आमच्या दारात उभा आहे, तिच्या बोर्डावर पहिली पूर्णवेळ बाई संचालक, अलका मित्तल, आल्या त्या २०१८ साली.

कंपन्यांच्या बोर्डावर बाई असावी हा आपल्याकडे कायदाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने सगळ्या सूचीबद्ध कंपन्यांना, तसंच १०० कोटींचं भागभांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या पब्लिक कंपन्यांना निदान एक महिला संचालक सक्तीची केली. तेव्हा अनेक ठिकाणी मालकाच्याच घरातली बाई आणून बसवली गेली. म्हणून सेबीने पुढचं पाऊल टाकलं: एप्रिल २०१९ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० आणि एप्रिल २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांत ही बाई स्वतंत्र संचालक, म्हणजे मालकाशी नातं किंवा व्यवहार नसलेली हवी.

बोर्डावर बाई असण्याने प्रदूषण कमी होतं का? अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या चेल्सी लिऊ यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवर झालेले पर्यावरणाचे खटले तपासले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बोर्डावर एक बाई वाढली की खटल्याचा धोका सरासरी दीड टक्क्याने कमी दिसला. आकडा लहान आहे. शिवाय जी कंपनी मुळातच नीट चालते तीच बायकांना बोलावते, असंही असू शकेल. बाई जात्याच निसर्गाची कैवारी असते हे मला पटत नाही. माझं मत वेगळ्या कारणाने बनलं आहे.

कंपनी सेक्रेटरी म्हणून मी वर्षानुवर्षं बोर्डाची मिनिट्स लिहिली. बैठकीचा बहुतेक वेळ तिमाहीचे आकडे, कर्ज आणि खरेदीच्या मंजुऱ्या यांत जायचा. पर्यावरण यायचं अगदी शेवटी, सर्व कायद्यांचं पालन झालं आहे अशा एका पानी प्रमाणपत्रात. तोवर जेवण लागलेलं असायचं. ‘नोंद घेतली’, एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. एका बैठकीत नव्याने आलेल्या बाईंनी तिथेच थांबवलं. सांडपाणी खाडीला मिळतं तिथले नमुने भरतीला घेतले की ओहोटीला, असं त्यांनी विचारलं. भरतीला खाडीत पाणी भरपूर असतं, घाण पातळ होते, आकडे चांगले येतात. कारखान्याच्या साहेबांकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला तारीख-वेळेसकट तक्ता आला. त्या बाई कुणाच्या क्लबातल्या, कॉलेजातल्या नव्हत्या. आपल्या प्रश्नाने कोण अवघडेल याची त्यांना पर्वा नव्हती. बाहेरून आलेल्या माणसाची ही ताकद असते, आणि आपल्या बोर्डांवर असं बाहेरचं माणूस अनेकदा बाई असते.

एकटीचं मात्र फार चालत नाही. क्रेमर, कॉनराड आणि एर्कुट या तिघी संशोधकांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या संचालकांशी बोलून हेच मांडलं: एकटी असते तेव्हा तिचं म्हणणं ‘बायकांचं मत’ ठरतं, तिघी असल्या की ते संचालकाचं मत म्हणून ऐकलं जातं. नॉर्वेने थेट ४० टक्क्यांचा नियम केला. आपल्याकडे सरकारी कंपन्यांत तर एक जागाही अनेकदा वेळेवर भरत नाही. स्वतंत्र संचालकांच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून शेअर बाजारांनी इंडियन ऑइल, गेल, ओएनजीसी यांना दंड केले आहेत. नेमणुका मंत्रालय करतं, आमच्या हातात नाही, हे कंपन्यांचं उत्तर. गेलचा एक प्रकल्प अलिबागजवळ उसरला आहे, त्यामुळे हा दिल्लीचा दूरचा प्रश्न नाही.

खुर्ची मिळाली म्हणजे काम झालं, असंही नाही. ओएनजीसीत २०२२ मध्ये पोमिला जसपाल वित्त संचालक झाल्या, २०२३ मध्ये सुषमा रावत शोधकार्याच्या संचालक. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये उरणच्या प्रकल्पातून गळलेलं तेल पीरवाडीच्या किनाऱ्यावर आलंच. वित्ताच्या किंवा शोधकार्याच्या संचालकाकडे उरणच्या नळ्या नसतात. बोर्ड एकत्र बसून विचारतं तेव्हाच त्या सगळ्यांच्या होतात.

२०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. बोर्डावर बायका किती, हे त्यात सुरुवातीच्या भागात असतं. पाणी, कचरा, उत्सर्जन पुढे, सहाव्या तत्त्वाखाली. पण आकडे बहुतेक अख्ख्या कंपनीचे. डोलवी, थळ किंवा उरणचा कारखाना त्यात वेगळा दिसत नाही. कारखान्याचा वेगळा हिशोब असतो तो ‘फॉर्म पाच’मध्ये. हे पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावं लागतं. मला वाटतं, बोर्डावरच्या बाईने पहिल्याच बैठकीत हा कागद मागावा, आणि तो शेवटच्या विषयाच्या आधी चर्चेला घ्यायला लावावा.

भागधारकही हे करू शकतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांची वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत, आता ऑनलाइन होते आणि एक शेअर असला तरी बोलायला नाव देता येतं. माझ्याकडे किनाऱ्यावरच्या काही कंपन्यांचे थोडे शेअर आहेत. मी नाव देते आणि विचारते: फॉर्म पाच बोर्डापुढे आला होता का, आणि सांडपाण्याची नळी खाडीला मिळते ती जागा यंदा कुठल्या संचालकांनी जाऊन पाहिली?