शहरातलं पाणी (लेखांक ९) : म्युनिकची रुसलेली लाट

गेल्या आठवड्यात इझार नदीची गोष्ट झाली. 2000 ते 2011 या काळात म्युनिकने शहरातल्या आठ किलोमीटर पात्राचे बांधीव काठ मोडले आणि नदीला पसरायला जागा, गोटे आणि वाळूचे पट्टे परत दिले, ती. आज तिच्याच एका फाट्याकडे वळू. आइसबाख त्याचं नाव. लांबी दोनेक किलोमीटर, पाणी आल्प्सकडून आलेलं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही अंगाला झोंबणारं. एवढ्याशा फाट्याने गेल्या काही वर्षांत म्युनिकच्या महापालिकेला जेवढं दमवलं, तेवढं अख्ख्या इझारने दमवलं नसेल.

म्युनिकची इतिहासातली पहिली नोंद 1158 ची. इझार डोंगरातून उतरते, तिचा उतार मोठा आणि पूर अचानक येणारे. थेट तिच्या पात्रात गिरणी बसवायची म्हणजे पहिल्याच पुरात ती वाहून जायची. म्हणून जुन्या म्युनिककरांनी नदीचं थोडं पाणी वळवून गावात फाटे आणले. त्यांच्यावर पिठाच्या आणि लाकूड कापायच्या गिरण्या चालत, खंदक भरत, कातडी कमावणारे बसत आणि गावाची घाणही वाहून जाई. पुढे वीज आली, मोटारी आल्या, मग भुयारी रेल्वे आली. विसाव्या शतकात यातले बहुतेक फाटे बुजले किंवा रस्त्यांखाली गेले. आइसबाखचं पाणीही शहराच्या पोटातूनच येतं आणि प्रिन्झरेगेन्टनस्ट्रासे या मोठ्या रस्त्याच्या पुलाखालून एकदम उजेडात येतं. शेजारी ‘हाऊस डेर कुन्स्ट’ हे नाझी राजवटीने बांधलेलं, 1937 मध्ये उघडलेलं कलादालन. समोर ‘इंग्लिश गार्डन’.

हे उद्यान 1789 मध्ये सुरू झालं ते बेंजामिन थॉम्पसन या माणसाच्या सांगण्यावरून. जन्माने अमेरिकन, निष्ठेने ब्रिटिश राजाचा, नोकरीला बव्हेरियात. पुढे तो काउंट रम्फर्ड झाला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो तोफांमुळे माहीत असतो. म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफेची नळी कोरताना होणाऱ्या घर्षणावर त्याने पाणी उकळून दाखवलं आणि उष्णता हा पदार्थ असल्याच्या समजुतीला धक्का दिला. त्याच्या बागेतून वाहणारं पाणी पुढे विज्ञानाचा असाच एक धडा उघड्यावर मांडून बसेल, हे त्याला आवडलं असतं, असं मला वाटतं.

धडा असा. पुलाखालून येणारं पाणी जोरदार असतं, सेकंदाला साधारण 20 घनमीटर. त्याचा जोर मोडावा म्हणून तळाशी काँक्रीटचे ठोकळे आहेत. वेगाने धावणारं उथळ पाणी जिथे संथ आणि खोल पाण्यावर आदळतं, तिथे ते उसळून वर येतं. अभियंते याला ‘हायड्रॉलिक जंप’ म्हणतात. घरी मोरीत नळ सोडा: धार पडते तिथे पाण्याचा पातळ, गुळगुळीत गोल होतो आणि त्याभोवती एक जाड कडं उभं राहतं. तेच हे. उथळ पाण्यावर तरंग किती वेगाने सरकणार, हे खोलीवर ठरतं. खोली 40 सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे दोन मीटर. प्रवाह त्याहून वेगवान असला की तरंगाला मागे जाता येत नाही, पुढे जायचं तर समोर खोल पाणी. मग तो जागीच उभा राहतो. समुद्रात पाणी जवळपास जागच्या जागी हलतं आणि लाट पुढे जाते; इथे लाट थांबलेली आणि पाणी तिच्या आतून धावतंय. फळीवर उभा राहिलेला माणूस लाटेच्या उतारावरून सतत खाली घसरत असतो आणि पाणी त्याला तेवढंच मागे रेटत असतं. म्हणून तो काठावरच्या बघ्यांसमोर एकाच जागी डोलत राहतो.

ही लाट कुणी आखली नव्हती. ठोकळे बसवणाऱ्यांना तर पाणी शांत व्हायला हवं होतं. म्युनिकमध्ये सर्फिंगचं वेड 1970 च्या दशकात शिरलं, आधी शहराच्या दक्षिणेला, लाकडाचे तराफे जिथे लागत त्या फ्लोसलेंडेजवळ, आणि मग इथे. पोरांनी काठाला फळ्या, दोर बांधून लाट आणखी नीट केली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात भर थंडीत काळे रबरी पोशाख घालून लोक रांगेत उभे राहू लागले. कायद्याने हे सगळं बंद होतं. जागा राज्याची आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न. अखेर 2010 मध्ये राज्याशी जमिनीची अदलाबदल करून महापालिकेने ती जागा आपल्याकडे घेतली आणि सर्फिंगला परवानगी दिली. पोहायला मात्र मनाई कायम राहिली आणि ती पाळली जात नाही. उन्हाळ्यात लोक पुलाच्या पुढे उडी घेतात, वाहत बागेच्या टोकापर्यंत जातात आणि ओल्या अंगाने ट्राम पकडून परत येतात. शिस्तीच्या गप्पा मारणाऱ्या देशातलं हे दृश्य मला फार आवडतं.

मग 2025 उजाडलं. एप्रिलमध्ये रात्री सर्फिंग करणाऱ्या एका तरुणीच्या पायाला बांधलेला दोर तळाशी अडकला आणि पुढे तिचा मृत्यू झाला. लाट बंद झाली, तपास झाला आणि उन्हाळ्यात नवे नियम लावून ती पुन्हा उघडली: रात्री सर्फिंग नाही आणि दोर ताण पडताच सुटणारा हवा.

ऑक्टोबरात नेहमीची सफाई आली. दरवर्षी फाट्यांचं पाणी तोडून तळातला गाळ, कचरा, सायकली उपसतात. या वेळी पाणी परत सोडलं तर लाट उठेना. नुसता फेसाळ खळखळाट. पाण्याची पातळी बदलून पाहिली, फरक पडला नाही. तळावर वर्षानुवर्षं साचलेल्या खडीगाळाचा लाटेत नेमका किती वाटा होता, याचा हिशेब कुणी ठेवलाच नव्हता, कारण लाट आपणहून उठत होती.

गंमत पुढेच आहे. ज्या लाटेवर चढणाऱ्यांना एकेकाळी पोलीस हुसकावत, ती परत आणा म्हणून आता लोक महापालिकेच्या दारात. पण आपोआप उठलेली लाट आणि सरकारने बांधलेली लाट यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. बांधायची म्हटलं की परवानग्या, पाण्याची गणितं, सुरक्षेचे अहवाल आणि सही करणारा अधिकारी आला. त्या सहीखाली एप्रिलच्या मृत्यूची सावली होती, हे विसरून चालणार नाही. सर्फर चिडले, तज्ज्ञांनी प्रयोग सुचवले, बैठका लांबल्या. नाताळच्या सुमारास अज्ञात हातांनी पाण्यात एक अडसर बसवला आणि लाट झक्कास उठली. काही दिवसांतच अग्निशमन दलाने तो काढून टाकला.

महापालिकेला दोष देणं सोपं आहे. माझ्या मते तिची खरी चूक त्या हिवाळ्यातली नाहीच. शहराचं जगभर नाव झालं ते ज्या लाटेमुळे, तिच्या खालचा तळ चांगला असताना एकदाही नीट मोजून ठेवला नाही, ही आहे. सफाईआधी त्या पन्नासेक फुटांच्या तळाचा नकाशा काढून ठेवणं ही एका दिवसाची मोजणी होती.

(पुढील लेखांकात लाइपझिग : रसायनांच्या दुर्गंधीमुळे 1950 च्या दशकात झाकून टाकलेला प्लाइसं नदीचा फाटा आणि तो पुन्हा उघडा करणारी माणसं.)