खासगी जागेतील झाड आणि तोडण्याची परवानगी

झाड स्वतःच्या आवारात असले, तरी महाराष्ट्रात ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. शहरांसाठी 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन कायदा आहे. बुंध्यावर कुऱ्हाड चालवणेच नव्हे, तर झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हीदेखील या कायद्याने वृक्षतोडच ठरते.

अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करावा लागतो. त्यात झाडाची जात, जागा आणि तोडण्याचे कारण द्यावे लागते. त्यानंतर प्रत्यक्ष पाहणी होते. झाड वठलेले, रोगट, वाऱ्याने उन्मळलेले किंवा जीवित-मालमत्तेला धोकादायक असेल, तर परवानगीला सबळ आधार मिळतो. बांधकामासाठी झाड हलवायचे असेल, तर पुनर्रोपणाचाही विचार होतो. तोडीच्या बदल्यात नवी झाडे लावून जगवावी लागतात.

2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड 'वारसा वृक्ष' ठरते. भरपाईच्या रोपांची संख्याही तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडली गेली आहे.

ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा लागतो. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, चंदन आदी अनुसूचित झाडे खातेदाराच्या मालकीची असली, तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते.

विनापरवाना तोड हा दोन्हीकडे दंडनीय गुन्हा आहे.