‘बाहेरचे’ म्हणजे नक्की कोण?

वाठोडा, तरोडी खुर्दकडे घरकुलांच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हापासून पूर्व नागपुरात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही : ‘बाहेरचे लोक येऊन बसतील, वस्तीचा तोंडवळाच बदलेल.’ गेल्या महिन्यात आमच्या लेआउटच्या बैठकीत शेजारचे काका पुन्हा हेच बोलले. ‘बाहेरचे म्हणजे कोण?’ असं विचारलं, तर कुणी बोलेना.

मग नियमच वाचू. पंतप्रधान आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ ला सुरू झाली. अशा इमारतींतलं दुर्बल घटकांचं घर मिळवायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, आणि नवरा, बायको किंवा लग्न न झालेली मुलं यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. कार्पेट एरिया ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सव्वातीनशे चौरस फूट.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी अर्ज केला तेव्हा मी त्यांच्यासोबत सेतू केंद्रात गेलो होतो. आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पक्कं घर नसल्याचं शपथपत्र, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. ताईंचा जन्म नंदनवनच्या झोपडपट्टीतला. बैठकीला बसलेल्या निम्म्या लोकांपेक्षा त्या जुन्या नागपूरकर आहेत. पिशवीला गाठ मारताना त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘भाऊ, तिकडून सकाळी सहाला बस मिळेल का हो?’

खरी अडचण तिथंच आहे. गरीब माणूस आपली वस्ती सहजासहजी सोडत नाही. कारण काम, उधारी देणारं किराणा दुकान, मूल सांभाळणारी शेजारीण, सगळं तिथंच असतं. अहमदाबादेत १९८७ साली ‘सेवा’ या महिला कामगार संघटनेच्या विडी कामगार महिलांना सोडत काढून शहराबाहेर, सुमारे १२ किलोमीटरवर घरं दिली होती. बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या अभ्यासकांनी १४ वर्षांनी पाहणी केली, तेव्हा ३४ टक्के विजेत्या तिथं राहायलाच गेल्या नव्हत्या आणि आणखी ३२ टक्के जाऊन परत निघाल्या होत्या. लोंढ्याची भीती घालणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत.

शिवाय या योजनेचे घटक चार होते. झोपडपट्टीचा जागेवरच पुनर्विकास आणि स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान, या दोन घटकांत माणूस होता तिथंच राहतो, फक्त टिनाच्या जागी स्लॅब येतो. यानं लोकसंख्येचं चित्र कसं पालटेल? मुळात पालटलं हे सांगायला अधिकृत आकडे तरी कुठं आहेत? २०२१ ची जनगणना झालीच नाही. वस्तीनिहाय चित्र बदलल्याचा दावा जो ठामपणे करतो, तो अंदाजावर बोलतोय.

आणि वस्ती बदलली तरी शहर बुडत नाही, हे नागपूरला कुणी सांगायला नको. एम्प्रेस मिलनं इंदोऱ्यात कामगारांसाठी वसाहत वसवली, तिचं बेझनबाग झालं. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित जरीपटक्यात वसले. आज या भागांना कुणी ‘बाहेरचं’ म्हणतं का? आमचा लेआउटही आधी अनधिकृतच होता, गुंठेवारी कायद्यानं नियमित झाला. आपल्याला सामावून घेणारं शहर इतरांना बंद कसं करायचं?

‘घरकुलं फुकट वाटतात’ हेही खोटं. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख वजा जाता उरलेली रक्कम ताईंना कर्ज काढून भरायची आहे.

‘अनुदान फक्त गरिबांनाच’ म्हणाल, तर याच योजनेत काही वर्षं १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांनाही गृहकर्जाच्या व्याजात सुमारे २ लाख ३० हजारांपर्यंत सवलत होती. तेव्हा कुणी बैठक बोलावली नव्हती.

‘आजूबाजूचे भाव पडतात’ हा गैरसमज मात्र एका वाक्यात उडवता येत नाही. अमेरिकेतल्या गरिबांसाठीच्या सवलतीच्या घरांवर डायमंड आणि मॅक्वेड यांनी २०१९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब वस्त्यांत लगतच्या घरांचे भाव सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढले आणि गुन्हेही घटले. श्रीमंत वस्त्यांत भाव सुमारे अडीच टक्क्यांनी उतरले. म्हणजे भीती सरसकट खरी नाही, आणि जिथं खरी आहे तिथं एवढीशी आहे. अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा वाठोड्याला लावू नये, पण आमच्या बैठकीत तर कोणताच आकडा नव्हता.

घरकुलांपर्यंत सकाळी लवकर सुटणारी बस यावी, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. पुढच्या बैठकीत तो फिरेल. काका, त्यावर तुमचीही सही हवी.