तळहाताएवढी जागा

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एकच मान उरतो. कुठला कागद आला, की तो त्याच्यापुढे सरकवला जातो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत होतो, नॉर्थ कॅरोलिनातल्या रालेच्या शेजारी, केरी नावाच्या गावात. एका संध्याकाळी मुलीने तीन कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘‘बाबा, आयुष्यभर लोकांची कर्जं मंजूर केलीत. आता एवढं सांगा, यातलं कुठलं घेऊ?’’

कागद गाडीच्या टायरचे होते. तिची गाडी वार्षिक तपासणीत पास झाली होती. पण तपासणाऱ्याने जाता जाता सांगितलं होतं, की पुढच्या टायरवर नक्षी फार थोडी राहिली आहे, कायद्यात बसते इतकंच. थंडी तोंडावर होती. चारही टायर बदलायचे, तर स्वस्तातले सत्तर डॉलरला एक, मधले एकशे दहाला आणि बर्फातही चालतील असे एकशे पासष्टला. जावयांची नोकरी ऑगस्टमध्ये सुटली होती आणि दुसरी अजून लागायची होती. घरात कोणी तसं बोलत नसे. पण बाजारातून आल्यावर पावती दोनदा वाचली जात होती, हे बँकेतल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

खरं तर मी लगेच ‘सत्तरवाले घे’ म्हणालो असतो. काटकसर माझ्या अंगात मुरलेली आहे. पण टायर आणि काटकसर हे दोन शब्द एकत्र आले, की मला कुंभार्ली घाट आठवतो.

१९९३ सालचा जुलै महिना. माझी बदली चिपळूणला होती आणि घर कराडला. बँकेच्या कर्जावर जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतली होती. पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले, तेव्हा नवे घेण्याऐवजी मी वर रबर चढवलेले जुने टायर बसवले. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. चिपळूणचा मिस्त्री म्हणाला होता, ‘‘साहेब, गावात फिरवा. पावसात घाट करू नका.’’ रबर चढवणं ही मुळात वाईट गोष्ट नाही. ट्रकचे आणि विमानांचेसुद्धा टायर असे पुन्हा वापरतात. पण ते काम नीट व्हावं लागतं. माझं झालेलं नव्हतं, आणि ते मिस्त्रीला दिसत होतं.

त्याच शनिवारी मी घाट चढलो. मागच्या सीटवर बायको आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली चार वर्षांची मुलगी. धुकं, पाऊस, आणि वळणावर समोरून एस. टी. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती पाण्यावरून सरकत गेली, अर्धी फिरली आणि मागच्या बाजूने कठड्याला जाऊन टेकली. कठडा पक्का होता, म्हणून आज हे लिहितो आहे. बायको काही बोलली नाही. मी म्हटलं, ‘‘रस्ता फार निसरडा झालाय.’’ आणि टायरची गोष्ट पोटातच ठेवली.

तीच चार वर्षांची मुलगी आता माझ्यापुढे तीन कागद घेऊन बसली होती. तिच्या मागे सोफ्यावर माझी सहा वर्षांची नात चित्रं रंगवत होती, जिला रोज सकाळी याच गाडीतून शाळेत सोडायचं असतं. मी म्हटलं, ‘‘मला दोन दिवस दे. फाईल वाचल्याशिवाय मी सही करत नाही.’’

मग मी टायर वाचायला लागलो. वाचायला म्हणजे शब्दशः, कारण टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं. आपण कधी वाकून बघत नाही इतकंच. मुलीच्या टायरवर ‘२०५/५५ आर १६ ९१ एच’ असं होतं. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आतली रिम १६ इंचांची. ९१ हा वजनाचा आकडा, एका टायरवर ६१५ किलो. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता. नवा टायर याच मापाचा आणि वजन-वेगात याहून कमी नसलेला हवा. त्यापुढे चार आकडी तारीख असते. ३२२३ असेल, तर २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर नवा म्हणून स्वस्तात मिळाला, तर त्याचं तेवढं आयुष्य आधीच गेलेलं असतं.

मोसमांची गोष्ट मात्र आपल्याला नवी. उन्हाळ्याच्या टायरचं रबर पारा सात अंश सेल्सियसच्या खाली गेला की कडक होत जातं आणि रस्ता धरेनासं होतं. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, पण उन्हाळ्यात भराभर झिजतं. म्हणून बर्फाळ मुलखात लोक दोन जोड ठेवतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च बर्फाचे टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. पण रालेला वर्षभरात सरासरीने पाचेक इंच बर्फ पडतो, तोही दोन-चार दिवसांत विरघळतो. तेवढ्यासाठी आठ टायर घ्यायचे, चार गॅरेजमध्ये रचून ठेवायचे आणि वर्षातून दोनदा अदलाबदलीची मजुरी द्यायची, हे परवडणारं नव्हतं. अशा सौम्य हिवाळ्यासाठी ‘ऑल-सीझन’ नावाचा मधला मार्ग आहे. तो कशातच पहिला नंबर काढत नाही आणि सहसा कशात नापासही होत नाही. वर्गात अशी मुलं असतात; पुढे संसार तीच नीट करतात.

पण इथेही पाटी आणि माल यांत फरक असतो. ऑल-सीझन टायरवर ‘एम + एस’ अशी खूण असते, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती खूण नक्षीतल्या खाचांच्या आकारावरून आणि प्रमाणावरून मिळते, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघत नाहीत. त्याहून वरची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती दाबलेल्या बर्फावरच्या प्रत्यक्ष चाचणीनंतर मिळते. मात्र अमेरिकेतल्या या चाचणीत टायर बर्फावर जोर किती धरतो, हे मोजतात. थांबतो किती लवकर आणि वळतो कसा, हे नाही. एकशे पासष्टवाल्या टायरवर ही डोंगराची खूण होती. त्याला ते लोक ‘ऑल-वेदर’ म्हणतात. नावं जुळ्या भावांसारखी असल्याने गिऱ्हाईक फसतं.

शिवाय तिथे टायरला तीन बाबतींत श्रेणी देतात. झिजेचा आकडा असतो. १०० म्हणजे प्रमाण टायर, ५०० म्हणजे त्याच्या पाचपट टिकेल असा अंदाज. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो जुळवून बघावा, दोन कंपन्यांत नाही. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावल्यावर पकड किती, याची श्रेणी डबल ए, ए, बी, सी अशी. स्वस्तातल्या टायरला बी होती, बाकी दोघांना ए. रालेला बर्फ वर्षातून दोनदा पडत असेल, पाऊस मात्र बाराही महिने पडतो. त्या ‘बी’पाशी मला माझा एस. टी.समोरचा ब्रेक आठवला.

मग हिशेबाची वही काढली. बसवणावळ धरून दर टायरला पंचवीस डॉलर जास्तीचे. स्वस्तातले चार ३८० डॉलरला आणि हमी ४० हजार मैलांची. म्हणजे हजार मैलांना साडेनऊ डॉलर. मधले चार ५४० ला आणि हमी ६५ हजारांची. म्हणजे हजार मैलांना आठ डॉलर एकतीस सेंट. वरचे चार ७६० ला आणि हमी ६० हजारांची. म्हणजे जवळजवळ पावणेतेरा डॉलर. स्वस्तातला टायर मधल्यापेक्षा महाग होता! हमी म्हणजे आयुष्य नव्हे, हे खरं. मध्येच झिजला तर भरपाई उरलेल्या मैलांपुरतीच मिळते, तीही टायर वेळच्या वेळी पुढचे मागे करून घेतल्याच्या पावत्या असतील तर. तरीही वजाबाकी-भागाकाराने चित्र स्पष्ट झालं. सत्तर आणि एकशे दहा या किमती होत्या. खर्च वेगळाच होता.

पण वरचे टायर का नकोत, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर शेजारणीकडे मिळालं. ती परिचारिका आहे. बर्फ असो, वादळ असो, पहाटे पाचला तिला रुग्णालयात पोचावंच लागतं. तिच्या गाडीला डोंगराची खूण असलेलेच टायर होते आणि तिच्यासाठी ते बरोबर होतं. मुलीला मात्र बर्फाच्या दिवशी घरून काम करता येतं, शाळाही बंद असते. टायर निवडताना आधी हेच विचारायला हवं, की वाईट दिवशी बाहेर पडणं टाळता येतं का? ज्याला येतं, त्याने मधला घ्यावा. ज्याला येत नाही, त्याने वरचे पैसे द्यावेत.

शिवाय सौम्य हिवाळा हाच कधीकधी जास्त दगा देतो. १९ जानेवारी २००५ ला रालेत जेमतेम इंचभर बर्फ पडला. रस्ते इतके गार होते, की चाकांखाली विरघळलेला बर्फ लगेच पुन्हा गोठला. ऑफिसं आणि शाळा एकदमच सुटल्या, सगळे एकाच वेळी रस्त्यावर आले आणि शहर जागच्या जागी थिजलं. अनेक मुलांना ती रात्र शाळेतच काढावी लागली. १२ फेब्रुवारी २०१४ ला पुन्हा तेच. गोठलेल्या पाण्याचा तो पातळ, पारदर्शक थर डांबरावर दिसतच नाही. त्याला तिथे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. त्यावर सत्तरवाला काय आणि एकशे पासष्टवाला काय, कोणाचंच फारसं चालत नाही.

तिसऱ्या दिवशी मी निकाल दिला : ‘‘मधले घ्या, पण चारही. दोन नवे, दोन जुने नकोत.’’ जावई म्हणाले, ‘‘बाबा, पुढचेच दोन झिजलेत. आत्ता दोनच घेतले तर?’’ प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ‘‘तसं करायचं झालं, तर नवे मागे बसवा आणि जुने पुढे. मागची पकड सुटली की गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरत नाही.’’

‘‘हे तुम्हाला दुकानात सांगितलं?’’ मुलीने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. बत्तीस वर्षं बोललोच होतो. पण टेबलावर ते कागद होते आणि नात मान वर करून ऐकत होती. मी कुंभार्ली घाटाची गोष्ट सांगितली. रबर चढवलेले टायर, मिस्त्रीचं वाक्य, सगळं. सांगून झाल्यावर बायकोकडे बघायचं धैर्य होईना. ती मटार सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं. मिस्त्रीची पावती तुमच्या शर्टाच्या खिशात होती. धुताना सापडली.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘सोमवारी तुम्ही नवे टायर घेऊन आलात ना. मग काय बोलायचं?’’

चारही टायर आले. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. पारा दर दहा अंश फॅरनहाइटने उतरला, की टायरमधली हवाही साधारण एक पौंडाने कमी होते. म्हणून थंडीत दर महिन्याला हवा बघायची आणि ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेली भरायची. टायरच्या कडेवर असतो तो कमाल आकडा. जानेवारीत बर्फ पडला तेव्हा आम्ही सगळे घरी बसून कांदाभजी खाल्ली. तिसऱ्या दिवशी जावई मला जवळच्या मोकळ्या पटांगणात घेऊन गेले आणि उरल्यासुरल्या बर्फावर हळू वेगात ब्रेक दाबून दाखवला. गाडी थोडी घसरली, मग थांबली. ‘‘आता कळलं, किती आधी थांबायला लागायचं ते,’’ ते म्हणाले. त्यांना नोकरी मार्चमध्ये लागली.

आम्ही मे महिन्यात परतलो. इथे बर्फ नाही, पण पाऊस आहे आणि घाटही आहेत. पहिल्याच रविवारी मी आमच्या गाडीपाशी उकिडवा बसून चारही टायर वाचले. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत पोचली, की १.६ मिलिमीटरच उरले आणि टायर संपला असं समजायचं. पावसात तर तिथवर थांबूही नये, कारण चाकाखालचं पाणी बाहेर काढण्याचं काम त्या खाचाच करतात. स्टेपनीची तारीखही बघितली; ती नऊ वर्षांची निघाली. बदलून टाकली.

टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी असते. असे चार तळहात, आणि त्यांवर सगळं घर. काटकसर मी अजूनही करतो, सवय जात नाही. फक्त ती करण्याआधी मागच्या सीटवर कोण बसलं आहे, ते एकदा वळून बघतो.