जाड पुस्तकांची भीती कशाला?

देशोदेशींची विद्यापीठं दरवर्षी शेकडो नवे ग्रंथ प्रसिद्ध करतात. विषय इतिहासाचा असो, समाजशास्त्राचा असो की जनुकशास्त्राचा, आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘हे आपल्यासाठी नाही.’ पुस्तक जाड, किंमत भारी, भाषा इंग्रजी आणि मुंग्यांच्या रांगेसारख्या टिपा. मीही काही पंडित नाही. बी. ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण असे ग्रंथ वाचायची सवय लागली आणि लक्षात आलं, की यातल्या कितीतरी पुस्तकांत आपलीच गोष्ट असते. ती आपण वाचली नाही, तर दुसरा कुणी ती आपल्याला सांगतो आणि त्याच्यावर विसंबून राहावं लागतं.

आधी विद्याग्रंथ म्हणजे काय ते पाहू. साध्या पुस्तकात लेखक म्हणतो, ‘असं घडलं.’ विद्याग्रंथात तो म्हणतो, ‘असं घडलं असावं, माझा पुरावा हा, तुम्ही तपासून बघा.’ टिपा आणि संदर्भसूची त्यासाठीच असतात. छपाईपूर्वी हस्तलिखित त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकारांकडे जातं. ते चुका काढतात, पुरावा मागतात, कधी पुस्तक परतही पाठवायला सांगतात. एवढं होऊनही चुका राहतात. पण चूक कुठे शोधायची, तो पत्ता लेखकानेच दिलेला असतो.

संत एकनाथांचं उदाहरण घ्या. नाथ महाराच्या घरी जेवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. जॉन क्यून या अमेरिकी अभ्यासकाचा अशाच कथांवरचा ग्रंथ 2021 मध्ये आला. नाथांच्या अन्नाच्या गोष्टी कुणी, कधी आणि कशा सांगितल्या, याचा त्याने माग काढला आहे. महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तिविजय’ आणि 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’ लिहिलं. जुन्या चरित्रांतल्या कथेत देव नाथांचं रूप घेतो, नाथ दोन ठिकाणी दिसतात आणि नेमकं कोण जेवलं हे थोडं धूसरच राहतं. विसाव्या शतकातल्या नाटक-सिनेमांनी समतेचा सूर ठळक केला. प्रभातचा ‘धर्मात्मा’ 1935 चा. त्याचं मूळ नाव ‘महात्मा’ होतं, पण सेन्सॉरने ते चालू दिलं नाही. म्हणजे संताची गोष्टही प्रत्येक काळ आपापल्या गरजेने सांगतो. हे कळल्याने माझी नाथांवरची श्रद्धा उणी झाली नाही. भक्ती आणि जात यांचं भांडण किती जुनं आहे, ते मात्र कळलं.

दुसरं उदाहरण तमाशाचं. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या आणि अमेरिकेत इतिहास शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांचा तमाशातल्या दलित स्त्रियांवरचा ग्रंथ 2022 मध्ये आला. 2024 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या इंग्रजी पुस्तकात ‘अश्लील’, ‘असली’ आणि ‘माणुसकी’ हे मराठी शब्द तसेच वापरले आहेत. कारण सगळा वाद त्या शब्दांतच आहे. जिच्या लावणीवर शिट्ट्या वाजवायच्या, तिलाच अश्लील म्हणायचं, हा व्यवहार जातीशी कसा बांधलेला आहे, ते त्या दाखवतात. पठ्ठे बापूरावांची पवळा आपण दंतकथेत ऐकलेली असते. इथे ती इतिहासातली बाई म्हणून भेटते.

विज्ञानाच्या ग्रंथाची गत थोडी वेगळी. तो लवकर जुना होतो. हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांनी प्राचीन डीएनएवर सर्वसामान्यांना कळेल असं पुस्तक 2018 मध्ये लिहिलं. त्यात भारतावरही प्रकरण आहे. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, हरियाणातल्या राखीगढीच्या सांगाड्यावरचा शोधनिबंध आला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याच्या लेखकांपैकी एक आणि राइशही त्यात होते. साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा फक्त एका स्त्रीच्या सांगाड्यातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला. तेवढ्या धाग्यावरून हडप्पाकालीन माणसांच्या वंशाविषयी बोलायचं, म्हणून शास्त्रज्ञ जपून बोलतात. वर्तमानपत्री मथळे तसं बोलत नाहीत. म्हणून विज्ञानाचं पुस्तक हाती घेतलं, की आधी प्रकाशनाचं वर्ष बघावं आणि नंतर काय नवं सापडलं ते विचारावं.

अशा ग्रंथात आणखी एक पान असतं, ऋणनिर्देशाचं. लेखक ग्रंथालयांचे, पोथ्या दाखवणाऱ्यांचे, भाषा शिकवणाऱ्यांचे आभार मानतो. आभार मानले म्हणजे त्या सर्वांना त्याची मतं मान्य आहेत, असं नव्हे. हा साधा संकेत न कळल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. एका अमेरिकी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुराने संताप उसळला. त्या पुस्तकात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे आभार मानले होते. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यातल्या या संस्थेवर जमावाने हल्ला केला. ग्रंथांची आणि पोथ्यांची नासधूस झाली. पुस्तकात चूक असेल तर ती सांगायला त्याहून पक्क्या पुराव्याचं दुसरं पुस्तक लागतं. आणि तो पुरावा ज्या कपाटांत असतो, तीच कपाटं त्या दिवशी फोडली गेली.

मला स्वतःला यात का रस, तेही सांगतो. वारकरी परंपरेवरचा नवा ग्रंथ हाती आला, की मी आधी मागची नामसूची उघडतो आणि ‘शेख महंमद’ शोधतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आजही कौतुकाने म्हणतात, ‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण माझ्यासारख्यांचे पूर्वज या भाषेत पाहुणे नव्हते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा आमची नावं पुराव्यासकट नोंदली गेली. सूचीत नाव सापडलं तर मी ते पान वाचतो. नाही सापडलं, तर लेखकाने कुठवर पाहिलं तेही कळतं.

ढेऱ्यांवरून आठवलं. मराठीतली विद्वत्ता इंग्रजीत जाते. त्यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’चा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2011 मध्ये आला. त्याच बाईंनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. नव्या इंग्रजी ग्रंथांच्या टिपा चाळल्या, तर पानोपानी मराठी पुस्तकं दिसतात. कच्चा माल आपल्या भाषेतून जातो, पण तयार माल बहुधा इंग्रजीतच राहतो. वाचकांनी मागणी केली तर प्रकाशक अनुवादाला हात घालतील.

तोवर काय करावं? किमतीला घाबरू नका. अनेक ग्रंथांची भारतीय आवृत्ती स्वस्त असते, काही प्रकाशक इंटरनेटवर मोफतही देतात. गावच्या वाचनालयात मागणीची चिठ्ठी द्या. संपूर्ण ग्रंथ वाचलाच पाहिजे असंही नाही. प्रस्तावना वाचा, कारण लेखकाचं म्हणणं तिथे थोडक्यात असतं. मग शेवटचं प्रकरण वाचा. नंतर सूचीत आपलं गाव, आपली जात, आपला संत, आपली नदी शोधा आणि ते पान उघडा. तिथे लिहिलेलं पटलं नाही, तर टिपेचा आकडा बघा आणि त्या टिपेपर्यंत जा. बहुतेकदा ती एखाद्या मराठी पोथीपाशी किंवा पुस्तकापाशी नेऊन सोडते, आणि ते वाचायला आपल्याला कुणा दुभाष्याची गरज नसते.